वादळात घर-बाग गेलेल्यांना मोफत वकील: कुठे, कोणाला, कशासाठी? (निफाड, जि. नाशिक)

गोदाकाठ_निफाड

परवाच्या वादळी वाऱ्यात आणि गारांत आमच्या पट्ट्यात बरीच पडझड झाली. गावातल्या लोकांचे कागद जमवून द्यायचं काम आम्ही चार-पाच जण करतोय. सोपी प्रकरणं मार्गी लागली, ही चार अडली आहेत.

१. विधवा बाईंचं मातीच्या भिंतींचं पत्र्याचं घर. एक भिंत पडली, पत्रे उडाले. पंचनाम्यात फक्त "घराचे अंशतः नुकसान" असं लिहिलंय. घर अजून वारलेल्या सासूच्या नावावर आहे.

२. द्राक्षबाग, ३० गुंठे. मांडव आडवा, माल जमिनीवर. सातबारावर तीन भाऊ सामायिक, त्यातला एक मुंबईत असतो आणि फोन उचलत नाही.

३. तुटून पडलेल्या तारेला लागून दुभती गाय गेली.

४. कांदाचाळीचं छप्पर उडालं, साठवलेला उन्हाळ कांदा भिजला.

खाजगी वकिलाची फी यातल्या कोणालाच झेपणारी नाही. सरकारी मोफत वकील मिळतो म्हणतात, पण त्याला उत्पन्नाचा दाखला लागतो असंही ऐकलं. नक्की प्रक्रिया काय? आणि वकील घेऊन यातलं काय सुटेल?

सिन्नर_एक्सप्रेस

तीन लाखांच्या आतला तहसीलदारांचा दाखला लागतो. तो आधी काढा, नाहीतर अर्जच घेत नाहीत.

वकिली_कट्टा

वरचं उत्तर अर्धं बरोबर आहे. महाराष्ट्रात तीन लाखांची मर्यादा आहे, पण ती ज्यांना दुसरा कुठलाच निकष लागू होत नाही त्यांच्यासाठी. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ चं कलम १२ काढून वाचा. मोठी आपत्ती, पूर, दुष्काळ, भूकंप यांत सापडलेली माणसं त्यात स्वतंत्र गटात आहेत. त्या गटाला उत्पन्नाची अट नाही. स्त्रिया आणि मुलं, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग हेही उत्पन्न न बघता पात्र. म्हणजे तुमच्या पहिल्या प्रकरणातल्या ताई दोन कारणांनी पात्र आहेत. अर्जात दोन्ही कारणं लिहा, कारण "वादळ" हा शब्द कलमात नावानिशी नाही आणि एखादा कारकून त्यावर अडून बसू शकतो. "मोठी आपत्ती" या शब्दांत वादळ बसतं. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची आपत्तीग्रस्तांसाठीची २०१० ची वेगळी योजनाच आहे, तिचा उल्लेख करा.

ज्यांना उत्पन्नाच्याच निकषावर जायचंय त्यांनीही दाखल्यासाठी थांबू नये. त्याच कायद्याच्या कलम १३ प्रमाणे उत्पन्नाबद्दलचं प्रतिज्ञापत्र पुरेसं मानता येतं. आणि सरकारी कार्यालयात किंवा कोर्टात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क माफ आहे. साध्या कागदावर चालतं. तहसीलबाहेर पाचशेचा स्टँप गळ्यात मारणारे भेटतीलच, त्यांच्याकडून घेऊ नका.

जायचं कुठे? तुम्ही निफाडचे, तर निफाड कोर्टातल्या तालुका विधी सेवा समितीकडे. नाशिकला सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तिथेही अर्ज चालतो. १५१०० ही मोफत हेल्पलाइन आहे. अर्ज साध्या कागदावर करा: नाव, पत्ता, काय घडलं, कोणाविरुद्ध, काय मदत हवी. सोबत आधारची प्रत आणि जे कागद असतील ते. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा, तिथले विधी स्वयंसेवक लिहून घेतात.

वकिलाची फी, कोर्ट फी, टायपिंग, नकला, समन्सचा खर्च हे सगळं प्राधिकरण देतं. नेमलेल्या वकिलाने "वरखर्चाला" पैसे मागितले तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करा. सचिव हे न्यायाधीशच असतात.

आता तुमचा दुसरा प्रश्न, काय सुटेल. खरं सांगायचं तर वकिलाचा उपयोग कोर्टात उभं राहण्यापेक्षा कोर्टाआधी जास्त होतो. तहसीलदारांना मुद्देसूद अर्ज, फेरपंचनाम्याची मागणी, प्राधिकरणाकडून जाणारं पत्र. इथेच बरीच प्रकरणं हलतात. तहसीलदारांवर निफाडच्या दिवाणी कोर्टात दावा ठोकू असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम ७१ मुळे त्या कायद्याखाली सरकारने केलेल्या गोष्टींबद्दल फक्त उच्च आणि सर्वोच्च न्यायालयातच दाद मागता येते. नाशिक जिल्ह्यासाठी ते मुंबईचं मुख्य पीठ, औरंगाबादचं नाही. तिथेही उच्च न्यायालयाची स्वतःची विधी सेवा समिती मोफत वकील देते. पण रिट (सरकारी निर्णयाविरुद्ध थेट उच्च न्यायालयात करायची याचिका) करायची तर आधी लेखी मागणी केली होती आणि ती नाकारली किंवा दाबून ठेवली, हे दाखवता आलं पाहिजे. म्हणून आवक क्रमांकाची पोहोच प्रत्येक कागदावर घ्या. तलाठ्याला पाठवलेला व्हॉट्सअ‍ॅप मेसेज म्हणजे अर्ज नव्हे.

बांधावरचा_तलाठी

पंचनाम्याबद्दल मी लिहितो, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खातं.

आधी दर समजून घ्या, म्हणजे एका शब्दाने काय फरक पडतो ते कळेल. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी केंद्राने राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे जे दर ठरवले त्यात सपाट भागातलं पूर्ण पडलेलं घर, पक्कं असो वा कच्चं, १,२०,००० रुपये. डोंगराळ भागात १,३०,०००. अंशतः पडझड, किमान १५ टक्के, पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्याला ४,०००. झोपडीला ८,०००, गोठ्याला ३,०००. म्हणजे त्या ताईंच्या कागदावर "अंशतः" लिहिलं की ४,००० आणि "पूर्ण" लिहिलं की एक लाख वीस हजार. राज्य सरकार कधी वेगळा शासन निर्णय काढून दर किंवा मर्यादा बदलतं, तेव्हा तुमच्या घटनेचा जो शासन निर्णय निघेल तोच प्रमाण धरा.

त्यांच्या पंचनाम्यातलं वाक्य मोघम आहे, त्यातून टक्केवारी निघतच नाही. नीट नोंद कशी असते ते सांगतो: "घराची लांबी २२ फूट, रुंदी १४ फूट, मातीच्या चार भिंती. पश्चिमेची भिंत पूर्ण लांबीने कोसळली. उत्तरेच्या भिंतीला पायापासून वरपर्यंत तडा, भिंत बाहेर झुकली आहे. एकूण १८ पत्र्यांपैकी १५ उडाले, त्यातले ११ वाकून निरुपयोगी. आढं मोडलं. घर राहण्यास अयोग्य." मातीच्या घराची एक भिंत गेली आणि आढं मोडलं की उरलेल्या भिंती पावसात उभ्या राहत नाहीत. हे तलाठ्याने ठरवायचं नसतं. पंचायत समितीच्या बांधकाम उपविभागातल्या अभियंत्याकडून तपासणी मागा. अर्जात "फेरपंचनामा करून मिळावा" एवढंच लिहू नका. "अभियंत्याच्या तांत्रिक तपासणीसह फेरपंचनामा, घर राहण्यास योग्य आहे किंवा नाही याच्या स्पष्ट अभिप्रायासह" असं लिहा.

फोटो काढताना चारही कोपऱ्यांतून अख्खं घर, मग प्रत्येक भिंत, मग आतून वर बघून छप्पर. तारीख आणि ठिकाण उमटणारा कॅमेरा वापरा. फोटो झाले की ताडपत्री टाका, पंचनाम्यासाठी लेकरांना उघड्यावर ठेवायची गरज नाही. वाकलेले पत्रे मात्र भंगारात घालू नका, फेरतपासणी होईपर्यंत अंगणात रचून ठेवा. एकदा पत्रे गेले की "उडाले" हे सिद्ध कशाने करणार?

सही करताना पंचनामा वाचून घ्या. कोऱ्या किंवा अर्धवट कागदावर अंगठा नको. मजकूर पटत नसेल तर सही नाकारून भांडण करण्यापेक्षा सहीच्या वर "नुकसानाची नोंद मान्य नाही, फेरतपासणीची मागणी करतो" असं लिहून सही करा. ते वाक्य पुढे वकिलाला सोन्यासारखं उपयोगी पडतं.

नाव सासूचं आहे त्याबद्दल: ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा (घरपट्टी आकारणी नोंदीचा) उतारा काढा, मृत्यूचा दाखला जोडा, वारस नोंदीचा अर्ज आजच द्या आणि त्याची पोहोच मदतीच्या अर्जाला लावा. नणंदा-दीर असतील तर त्यांचं संमतीपत्र. घरात प्रत्यक्ष कोण राहत होतं हे दाखवायला रेशनकार्ड आणि वीजबिल. मदतीसाठी घर अधिकृत असावं अशी केंद्राच्या निकषांत अट आहे, त्यामुळे नमुना ८ वर घर आहे हे इथे तुमच्या बाजूचं. पूर्ण पडलेल्या घराला कपड्यांसाठी २,५०० आणि भांड्यांसाठी २,५०० वेगळे असतात. ते मागायला लोक हमखास विसरतात.

(तलाठी आता ग्राम महसूल अधिकारी, ग्रामसेवक ग्रामपंचायत अधिकारी आणि कृषी सहायक सहायक कृषी अधिकारी झालेत. अर्जावर नवं पदनाम लिहा. जुनं लिहिलं म्हणून अर्ज बाद होत नाही, पण परत पाठवायला निमित्त कशाला द्यायचं.)

मांडवतार

द्राक्षाचं सांगतो. बहुवार्षिक पिकाचा वरच्याच निकषांतला दर हेक्टरी २२,५००, मर्यादा दोन हेक्टर, नुकसान ३३ टक्क्यांच्या वर हवं. ३० गुंठे म्हणजे साधारण ०.३० हेक्टर, हिशेब ६,७५० रुपयांचा. तेही तीन भावांत. मांडव उभा करायला लाखांत पैसे जातात आणि अँगल, तार, ठिबक यांचा त्या दरात विचारच नाही. त्यामुळे तिथे वकील लावून फार हाती लागेल अशा आशेवर राहू नका. तुमचं बळ दोन गोष्टींकडे वळवा.

पहिली, विमा. बाग हवामान आधारित फळपीक विम्यात होती का आणि गारपिटीचं जादा संरक्षण घेतलं होतं का? गारपिटीसाठी तो हप्ता वेगळा असतो. घेतला असेल तर ७२ तासांच्या आत कळवावं लागतं. १४४४७ वर फोन करून तक्रार क्रमांक घ्या. गारपीट सोडून बाकीच्या हवामानाची भरपाई महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राच्या आकड्यांवर ठरते, तिथे तुमच्या बागेचा फोटो कोणी बघत नाही.

दुसरी, कर्ज. मांडव किंवा शेडनेट बँकेच्या कर्जावर असेल तर कर्जखात्याचा वर्षभराचा उतारा काढा आणि त्यात विमा हप्ता कापलाय का बघा. तारण मालाचा विमा बँक परस्पर उतरवते आणि शेतकऱ्याला पत्ता नसतो. पॉलिसीची प्रत बँकेकडे लेखी मागा. कांदाचाळीलाही हाच नियम. साठवलेला कांदा आणि चाळीचं छप्पर मदतीच्या दरपत्रकात नाही, ती मदत उभ्या पिकासाठी आहे. चौथ्या प्रकरणात विमा निघाला तरच काही हाती येईल.

सामायिक खात्याचं दुखणं रोजचं आहे. मदत एका खात्यावर हवी तर बाकीच्यांचं संमतीपत्र लागतं. भाऊ सही देत नसेल तर प्रत्येकाच्या हिश्श्याप्रमाणे वेगळी नोंद करा असा अर्ज द्या. त्याच्या वाट्याचे अडकतील, तुमचे निघतील.

वकिली_कट्टा

कंपनीने दावा फेटाळला किंवा लटकवला तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. दोन वर्षांची मुदत. फी ही दाव्याच्या रकमेवर नाही तर भरलेल्या हप्त्यावर ठरते, पाच लाखांपर्यंत शून्य. घर, दुकान, गाडी यांच्या वैयक्तिक पॉलिसीसाठी विमा लोकपालही आहे. तिथे फी नाही, वकील लागत नाही. आधी कंपनीकडे लेखी तक्रार, महिन्यात उत्तर नाही आलं किंवा नकार आला तर वर्षाच्या आत लोकपालाकडे.

गोठा_नंबर_७

गाईचं. तार अजून तिथेच असेल तर हात लावू नका आणि लोकांनाही लावू देऊ नका. महावितरणला आधी पुरवठा बंद करायला लावा. मग मेलेलं जनावर उचलण्याआधी या गोष्टी हव्यातच: तार, खांब आणि गाय एका चौकटीत येईल असा फोटो, कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक वाचता येईल असा दुसरा फोटो, पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा शवविच्छेदन अहवाल, त्यात मृत्यूचं कारण "विजेचा धक्का" असं स्पष्ट. अहवालाशिवाय पुरलं की प्रकरण संपलं समजा. बिल्ला नसेल तर दूध डेअरीच्या नोंदी आणि शेजाऱ्यांचे जबाब जोडा, पण ते लंगडं पडतं.

मदतीच्या दरांत दुभत्या गाई-म्हशीला ३७,५०० आहेत, बैलाला ३२,०००, शेळी-मेंढीला ४,०००. तार तुटून मेलेल्या जनावराबद्दल महावितरणकडे भरपाईचा अर्ज हा निराळा रस्ता. त्याला विद्युत निरीक्षकांचा अहवाल लागतो, कारण वीज अधिनियम, २००३ च्या कलम १६१ खाली अशा अपघाताची चौकशी त्यांच्याकडे येते. उपविभागीय अभियंत्याला दिलेल्या अर्जाची एक प्रत थेट विद्युत निरीक्षकांना द्या.

वकिली_कट्टा

यात "वादळ होतं, आमचा दोष नाही" असं उत्तर हमखास येईल. मध्य प्रदेश विद्युत मंडळ विरुद्ध शैल कुमारी (२००२) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुटलेल्या जिवंत तारेच्या बाबतीत मंडळावर कठोर दायित्व टाकलं. निष्काळजीपणा सिद्ध करत बसायची गरज नाही. ते माणसाच्या मृत्यूचं प्रकरण होतं, पण तत्त्व उपयोगी आहे. या प्रकरणात मोफत वकील जरूर घ्या, चौघांत कोर्टाचा खरा उपयोग इथेच आहे.

गोदाकाठ_निफाड

सगळ्यांचे आभार. दोन गोष्टी राहिल्या. पंचनाम्याची प्रत मागितली तर "ऑनलाइन गेलंय, आमच्याकडे नाही" म्हणतात. आणि मागच्या वेळी एकाची मदत खात्यावर आली आणि बँकेने थकीत कर्जात वळती केली.

बांधावरचा_तलाठी

ऑनलाइन गेलं तरी स्थळावरचा कागद असतो. तहसीलमध्ये नक्कल अर्ज द्या. टोलवाटोलवी झाली तर माहिती अधिकार, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. तीस दिवसांत नाही मिळालं तर पहिलं अपील. अर्जात "माझ्या पंचनाम्याची माहिती द्यावी" असं लिहू नका. गट नंबर किंवा मिळकत क्रमांक, पंचनाम्याची तारीख आणि "पंचनाम्याची, फोटोंची व लाभार्थी यादीतील नोंदीची साक्षांकित प्रत" असं मागा.

यादीत नाव आलं की विशिष्ट क्रमांक मिळतो. सेतूत किंवा आपले सरकार केंद्रावर त्या क्रमांकावर आधार पडताळणी होईपर्यंत पैसे सुटत नाहीत. शेतीच्या मदतीला शेतकरी ओळख क्रमांकही तयार ठेवा. "नाव आहे, पैसे नाहीत" अशा तक्रारींत बहुतेक वेळा एकतर पडताळणी राहिलेली असते, नाहीतर आधार भलत्याच बँकेच्या जुन्या खात्याला जोडलेलं असतं. पैसे आधार ज्या खात्याला जोडलंय तिथे जातात, पासबुकाची प्रत कुठली दिली त्यावर नाही. कोणतं खातं जोडलंय ते आधी तपासा, बंद पडलेलं असेल तर सुरू करून घ्या. नाव लावून देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर लाचलुचपत विभागाचा क्रमांक १०६४.

वकिली_कट्टा

मदतीच्या रकमेतून बँकांनी वसुली करू नये हे शासन निर्णयातच लिहिलेलं असतं. ज्या शासन निर्णयाने ती मदत मंजूर झाली त्याची प्रत काढा, ते वाक्य अधोरेखित करा आणि शाखा व्यवस्थापकाला रक्कम परत जमा करण्याचा अर्ज द्या. प्रती जिल्हाधिकारी आणि जिल्हा अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकाला. पंधरा दिवसांत हललं नाही तर तोच कागद घेऊन विधी सेवा समितीकडे. पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो, तिथेही मांडता येतं, पण त्यासाठी अर्ज आधी द्यावा लागतो, ऐन वेळी नाही.

सातपूर_भाडेकरू

शहरातल्या लोकांसाठी जोडतो. भाड्याच्या खोलीचे पत्रे उडाले आणि मालक दुरुस्ती करत नाही, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं कलम १४ बघा. पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. तुमचा करार अकरा महिन्यांचा "लीव्ह अँड लायसन्स" असेल तर हे लागू नाही, त्यात करारातली दुरुस्तीची अट वाचा. सरकारी मदतीत घराचे पैसे मालकाला जातात. खोली पूर्ण पडली असेल तर कपडे-भांड्यांच्या मदतीत तुमच्या कुटुंबाची नोंद वेगळी आहे का, ते पंचनाम्याच्या वेळीच विचारा.

गोदाकाठ_निफाड

पत्रे अंगणात रचून ठेवलेत. ताईंचा अभियंता तपासणीचा अर्ज आणि वारस नोंदीचा अर्ज उद्या देतो, दोन्हीची पोहोच घेऊन तसंच निफाड कोर्टात. गाईचा शवविच्छेदन अहवाल झालाय, पण कारण "आकस्मिक मृत्यू" लिहिलंय.

गोठा_नंबर_७

तेच बदलून घ्या, आधी तेच. तुटलेल्या तारेचा फोटो दाखवून पशुधन विकास अधिकाऱ्यांना लेखी विनंती करा: शरीरावर भाजल्याच्या खुणा आढळल्या का, याचा उल्लेख करून पूरक अहवाल द्यावा. खूर आणि तोंडाजवळचे फोटो काढले असतील तर सोबत लावा.